उणे चार

वैजयंता कणसेच्या घरात तीन प्रेशर कुकर होते आणि तिन्ही बक्षिसात आलेले होते. वाघजाईच्या सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावरच्या, पवनचक्क्या सांभाळणारी तिची कंपनी दरवर्षी अकरा पथकांमधून एक ‘आदर्श सहकारी’ निवडायची. सलग तीन वर्षं तो मान वैजयंतालाच मिळाला होता. मतं कामगारच देत, त्यामुळे वशिल्याचा प्रश्न नव्हता. बक्षीस ठरवणाऱ्या साहेबाची कल्पनाशक्ती मात्र कुकरपाशी येऊन थांबली होती.

बाई त्या मानाच्या लायकच होती. कुणाच्या घरी दुखणं निघालं तर त्याची पाळी हिनं करायची, नवख्याला पाना धरायला हिनं शिकवायचं, आणि काही चुकलं तर साहेबाची बोलणी खायलाही हीच पुढे. तिच्या पथकातल्या तिघांना कुणी विचारलं असतं की बाबांनो, चांगला सहकारी कसा असतो, तर त्यांनी तिच्याकडे बोट दाखवून पुन्हा डबा खायला सुरुवात केली असती.

अशा बाईच्या मोबाइलवर एका मंगळवारी दुपारी एक अहवाल आला. चार नावं आणि त्यांच्यापुढे चार आकडे. शकील शिकलगार, नऊ. तन्वी भंडलकर, सात. हिंदुराव झोरे, दोन. वैजयंता कणसे, उणे चार.

वैजयंतानं आधी मोबाइलची काच ओढणीनं पुसून पाहिली. उण्याची रेघ गेली नाही.

हा आकडा कसला, ते सांगायला हवं. सन २०३९ उजाडेपर्यंत पवनचक्कीची पाती तपासायला यंत्रं आली होती. पात्यांवर चिकटून सरपटणाऱ्या त्या यंत्रांना सड्यावर सगळे पालीच म्हणत. पण जिथे तिन्ही पाती एकत्र येतात, त्या जागी आत शिरून बोल्ट आवळायला अजून माणूसच लागायचा. ती जागा म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा तुंबा असतो तशी, म्हणून तिचं नावही तुंबाच पडलं होतं. एकेका पात्याच्या मुळाशी शहाण्णव बोल्ट. माणसांची चार-चारची पथकं होती आणि ती तीनवर आणायची असं कंपनीनं ठरवलं होतं. कोण कमी करायचं हे ठरवण्यासाठी तिनं एक प्रणाली विकत घेतली होती. तिचं कागदावरचं नाव ‘संघ-प्रतिकृती’. कामगारांनी तिला नाव दिलं ‘वजाबाकी’.

दोन वर्षं ही वजाबाकी गुपचूप नोंदी घेत होती. कुणी कोणता बोल्ट किती जोरानं, किती वेळात आवळला, हे पानाच सांगायचा. कोण कुणाला विचारतं, कोण कुणासाठी थांबतं, हे हेल्मेटमधून कळायचं. मनगटावरची पट्टी नाडी मोजायची. या सगळ्यावरून संगणकानं प्रत्येक माणसाची आकड्यांमधली एक नक्कल तयार केली होती, आणि चौघांच्या नकला मिळून एक नकली पथक. खरी मेख रजांमध्ये होती. एखादा माणूस रजेवर गेला की बाकीचे वेगळे वागतात. कुणी जास्त बोलतं, कुणी जास्त जपून काम करतं. माणसाच्या असण्यानं इतरांवर काय परिणाम होत होता, ते तो नसतानाच दिसतं. त्या दिवसांवरून संगणक शिकायचा, मग नकली पथकातून एकेकाला काढून दहा हजार दिवस काम चालवून बघायचा. माणूस काढल्यावर काम जितके टक्के घटेल तितका त्याचा आकडा. हिंदुराव गेला तर काम दोन टक्क्यांनी घटणार होतं. वैजयंता गेली तर ते चार टक्क्यांनी वाढणार होतं.

अहवाल पंधरा दिवस फक्त पथकप्रमुखाला, म्हणजे इथे वैजयंताला, दिसायचा. तेवढ्यात त्यानं आपला अभिप्राय आणि एक नाव पाठवायचं. त्याचं म्हणणं आकड्याहून वरचढ मानलं जाईल, असं परिपत्रकात होतं. हवी तर एकदा फेरमोजणी मागता येईल. नाव गेलं नाही तर सगळ्यात खालचा आकडा जाईल. ज्याचं नाव गेलं तो राखीव यादीत. मग दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या पथकानं घेतलं तर घेतलं, नाहीतर तीन महिन्यांचा पगार आणि नमस्कार.

वैजयंताच्या मनात पहिला विचार आला तो हिंदुरावांचा, आणि तो चांगला नव्हता. हिंदुराव सत्तावन्न वर्षांचे. तीन वर्षांनी निवृत्त होणारच. आकडा दोन. त्यांचं नाव लिहिलं तर कुणी एक शब्द बोलणार नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, पण विचार गेला नाही.

तिनं पुण्याच्या ऑफिसात कारखानीस साहेबांना फोन लावला. वजाबाकी तेच सांभाळत.

“साहेब, यंत्र बिघडलंय.”

“सगळे प्रमुख हेच म्हणतायत,” कारखानीस म्हणाले. “पण तुमचा आकडा मीही दोनदा तपासून घेतला. खोटं कशाला बोलू, मला धक्का बसला.”

“मी कामचुकार आहे का?”

“अजिबात नाही. पथकात सगळ्यात जास्त काम तुम्हीच करता. ताई, हे यंत्र माणसाचं काम मोजत नाही. माणूस गेल्यावर जो खड्डा पडतो तो मोजतं. तुमच्या जागी खड्डा पडत नाही, उंचवटा येतोय. का येतोय ते यंत्राला सांगता येत नाही. तुमच्या रजांच्या दिवसांच्या नोंदी पाठवतो, तुम्हीच बघा.”

दोन वर्षांत तिनं अकरा रजा घेतल्या होत्या. पुतणीचं लग्न, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोनदा स्वतःचा ताप. त्या अकरा दिवशी तिघांनी मिळून एकेक पातं पावणेसहा तासांत संपवलं होतं. ती असताना चौघांना सहा तास लागायचे. वर तिच्या गैरहजेरीत आवळलेले बोल्ट पुढच्या तपासणीत कमी सैल निघाले होते.

संध्याकाळी घरी तिनं नवऱ्याला, साहेबरावांना विचारलं, “मी नसले तर घर जास्त बरं चालेल का हो?”

साहेबराव वर्तमानपत्रातून वर आले. बायको असं विचारते तेव्हा उत्तर द्यायचं नसतं हे त्यांना वीस वर्षांत कळायला हवं होतं. “बरं म्हणजे,” ते म्हणाले, “तू माहेरी असतेस तेव्हा मी आमटी झकास करतो. तू असलीस की मीठ घालायला पण हात उचलत नाही. म्हटलं, तू चाखून घालशीलच.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून,” साहेबराव म्हणाले आणि परत वर्तमानपत्रात शिरले. वैजयंतानं पोळपाट पुढ्यात ओढला.

दुसऱ्या दिवशी सदतीस नंबरच्या चक्कीवर काम होतं. लिफ्टनं नव्वद मीटर वर गेलं की एक लांबट खोली लागते, तिला पथक माळा म्हणायचं. माळ्यावर पान्याला तेलाचा दाब पुरवणारा पंप घेऊन हिंदुराव बसत, तुंब्यात शकील आणि तन्वी उतरत, आणि त्या दोघांचं झालं की वैजयंता आत जाऊन सगळे शहाण्णव बोल्ट पुन्हा एकदा पान्यानं बघायची. याला ‘शेवटचा हात’ म्हणत. बारा वर्षांचा रिवाज होता. तिचा हात फिरल्याशिवाय पातं झालं असं कुणी म्हणत नसे.

बोल्ट आवळणं वाटतं तितकं सोपं नसतं. आवळला की बोल्ट ताणला जातो, आणि तो ताणच पात्याला धरून ठेवतो. ताण पुरेसा झाला की पान्यावर हिरवा दिवा लागतो. पण तो दिवा एका पट्ट्यात लागतो; खालच्या टोकाला लागला तरी हिरवा आणि वरच्या टोकाला लागला तरी हिरवाच. पहिल्या आठवड्यात धातू बसतो आणि ताण जरा उतरतो. बोल्ट पट्ट्याच्या मधोमध असेल तर तो उतार पचतो. खालच्या काठावर असेल तर बोल्ट सैल पडतो, वाऱ्याच्या प्रत्येक झोतानिशी थोडा थोडा वाकतो आणि एक दिवस तुटतो.

त्या दिवशी वैजयंतानं बोल्टला हात लावण्याआधी नोंदी पाहिल्या. शहाण्णवच्या शहाण्णव बोल्ट हिरव्याच्या अगदी खालच्या काठावर होते. एकही मधोमध नव्हता. हात चुकला तर पाच-दहा चुकतील. शहाण्णव सारखेच चुकायला कौशल्य लागतं.

“तन्वी,” तिनं हाक मारली. “दिवा लागला की तू लगेच थांबतेस?”

तन्वी पंचवीस वर्षांची, हाताची चपळ आणि जिभेची त्याहून. “हो की.”

“का? आणखी तीन सेकंद धरला तर मधोमध येतो.”

“ते माहितीय मला. पण मग तुम्हाला काय राहणार?”

“म्हणजे?”

“ताई, मी पहिल्या आठवड्यात पूर्ण आवळले होते. तेव्हा शकीलभाई म्हणाले, असं नाही करायचं. ताईंच्या हाताला काहीतरी ठेवायचं. तुम्ही पाना लावला आणि बोल्ट हललाच नाही, तर तुम्हाला कसं वाटेल?”

शकील तुंब्याच्या दुसऱ्या बाजूनं डोकावला. अडतीस वर्षांचा माणूस, पण चोरी पकडली गेल्यासारखा दिसत होता. “ताई, तुमचा मान हाय तो. आमच्यात वडील माणूस जेवायला बसायच्या आदी कुणी ताट पुसून मोकळं होत न्हाई.”

“आणि मी रजेवर असले की?”

“तवा मग पुरंच आवळतो. तवा मागं कोण असतंय?”

वैजयंता तिथेच, दोन बोल्टांच्या मध्ये पाय अडकवून बसली. बारा वर्षं तिला वाटत होतं की या पोरांचा हात कच्चा आहे. म्हणून ती शेवटचा हात जास्त मन लावून फिरवायची. ती जितकं मन लावायची तितकं हे तिच्यासाठी जास्त शिल्लक ठेवायचे. वारा वाढला किंवा अंधारून आलं की मात्र तिची फेरी अर्धीच राहायची. तिला आठवली गेल्या वर्षीची बावीस नंबरची चक्की. अर्ध्या फेरीतच वारा वाढला, सगळ्यांना खाली उतरावं लागलं, आणि दीड महिन्यानं त्या पात्याचे दोन बोल्ट तुटलेले सापडले. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. तिनं अहवालात लिहिलं होतं, बोल्टचं पोलाद हलकं असावं. पोलाद चांगलं होतं. तिचा हात न फिरलेल्या बाजूचे होते ते दोन्ही.

“बावीस नंबर आपण पाडली असती,” ती म्हणाली. “तुमच्या मानानं आणि माझ्या मायेनं.”

माळ्यावर नेऊन तिनं तिघांना अहवाल दाखवला. खरं तर दाखवायचा नव्हता. उणे चार बघून तन्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. शकील यंत्राला शिव्या घालू लागला. हिंदुरावांनी मोबाइल हातात घेऊन चारही आकडे वाचले. ते या सड्यावरचेच, धनगरवाड्यातले. पहिली चक्की उभी राहिली तेव्हा तिच्या पायाचे दगड त्यांनी वाहिले होते.

“म्हंजी बारा वर्सं तुला वाटत व्हतं का, आमाला येत न्हाई?” त्यांनी विचारलं.

वैजयंताला खोटं बोलवेना. “हो अण्णा.”

“आन आमाला वाटत व्हतं, तुला आवडतंय,” हिंदुराव म्हणाले. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. त्या दिवशी डबा कुणी वाटून खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शेवटचा हात बंद झाला. म्हणायला सोपं; प्रत्यक्षात वैजयंताचा जीव कासावीस व्हायचा. तुंब्यातून पान्याचा आवाज येई आणि ही माळ्यावर पंपाचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसे. पहिले तीन दिवस तन्वी दर दहा बोल्टांनी वर मान करून विचारायची, “ताई, बघता का?” वैजयंता म्हणायची, “तूच बघ.” एकदा तर ती न राहवून तुंब्याच्या तोंडापर्यंत गेली. शकीलनं आतून नुसतं “ताई...” म्हटलं आणि ती परत फिरली. चौथ्या दिवशी तन्वीनं शकीलचे तीन बोल्ट तपासून परत आवळायला लावले. सहाव्या दिवशी हिंदुरावांनी पंपाच्या नळीतली एक भेग हेरली. अशी भेग त्यांना आवाजावरून कळायची, पण इतकी वर्षं ते सांगत नव्हते, कारण वैजयंता संध्याकाळी नळ्या बघायचीच. दहाव्या दिवशी एक पातं पाच तासांत झालं.

बाराव्या दिवशी तिनं फेरमोजणी मागितली. आता आकडे सुधारले असणार याची तिला खात्री होती. ते सुधारले की कारखानीस साहेबांना सांगायचं, बघा, आमच्यातलं कुणीच वजा करता येत नाही.

नवे आकडे आले. शकील, एक. तन्वी, एक. हिंदुराव, एक. वैजयंता, एक.

“अभिनंदन,” कारखानीस फोनवर म्हणाले. “अकरा पथकांत तुमचं पथक आता सगळ्यात चांगलं आहे.”

“मग आकडे इतके लहान का?”

“म्हणूनच लहान. आता प्रत्येकाला प्रत्येकाचं काम येतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं तपासतो. एक गेला की उरलेले तिघं त्याची जागा भरून काढतात. जिथे एक माणूस गेला की सगळं कोसळतं ते पथक वाईट असतं, ताई. तुमच्यातलं कुणीही गेलं तरी चालेल. त्यामुळे आता यंत्र काही सांगू शकत नाही. नाव तुम्हालाच द्यावं लागेल. उद्या संध्याकाळपर्यंत.”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, यातली गत. दोन आठवडे जिवाचं रान करून तिनं आपलं पथक इतकं चांगलं केलं की त्यातलं कुणीही काढून टाकता यावं.

शेवटच्या दिवशी चौघं सदतीस नंबरच्याच माळ्यावर होते. काम दुपारीच आटोपलं होतं. वैजयंतानं नवे आकडे सांगितले, कारखानीस साहेबांचं म्हणणं सांगितलं, आणि मोबाइल काढून म्हणाली, “तुम्ही कुणी काळजी करू नका. मी माझं नाव पाठवते.”

शकील आणि तन्वी एकदमच “नाही” म्हणाले. हिंदुराव मात्र शांतपणे म्हणाले, “का म्हून?”

“प्रमुख मी आहे, अण्णा. जबाबदारी माझी.”

“आगं, ह्येच तर तुजं दुखणं हाय. समदं आपल्याच डोक्यावर. बोल्ट तू आवळायचं, बोलणी तू खायची, आन जायचं बी तूच. आमी काय नुसतं बगायचं? चौगांचं पथक हाय न्हवं?”

हिंदुरावांचं खरं होतं आणि ते वैजयंताला झोंबलं. बारा दिवस पान्याला हात न लावून जे तिला शिकायचं होतं, ते तिनं तेराव्या दिवशी एका वाक्यात घालवलं होतं.

“मग काय करू?”

“तू खाली जा. आमी तिगं बोलतो. तू हितं बसलीस की ही दोगं तुज्या तोंडाकडं बगून बोलत्यात.”

“आणि तुमचं ठरेल ते?”

“ठरंल त्ये. तुजंच नाव यील असं न्हाई, माजं बी यील. पर आलं त्ये आलं.”

तिनं मोबाइल तन्वीच्या हातात दिला. अभिप्रायाचं पान उघडंच होतं. मग ती लिफ्टनं खाली उतरली आणि जीपच्या पायरीवर बसली. सड्यावर ऊन होतं, वारा अगदी बेताचा. पहिली दहा मिनिटं ती स्वतःला सांगत होती की हिंदुरावांचं नाव आलं तर त्यांच्या निवृत्तिवेतनासाठी कुठे अर्ज करायचा ते बघू. पुढच्या दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं की आपण परत त्यांच्यासाठीच धडपडतोय. त्यानंतर तिला स्वच्छ कळलं की आपल्याला हे काम सोडायचं नाहीये. माळ्यावर स्वतःचं नाव द्यायला निघाली होती ती बाई खरी होती, पण ती मनातून एकाच गोष्टीची वाट बघत होती. तिघांनी मिळून म्हणावं, वैजूताई, तुमच्याशिवाय जमायचं नाही. तीन कुकरांपेक्षा तिला ते हवं होतं.

चाळीस मिनिटांनी लिफ्ट खाली आली. तन्वीचं नाक लाल झालं होतं. शकील बुटांकडे बघत होता. हिंदुरावांनी मोबाइल तिच्या हातात दिला.

पानावर नाव तिचंच होतं. खाली तन्वीनं तीन ओळी टाइप केल्या होत्या. हिंदुरावांना या वयात दुसरं पथक घेणार नाही. शकीलच्या वडिलांचं डायलिसिस पाटणला चालू आहे, तो परराज्यात जाऊ शकत नाही. तन्वीला जेमतेम दोन वर्षांचा अनुभव आहे. वैजयंता कणसे यांना कोणतंही पथक आनंदानं घेईल, आणि त्या गेल्या तरी इथलं काम अडणार नाही.

शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली. बारा दिवस तिनं याच ओळीसाठी मेहनत घेतली होती. एकही शब्द बदलावा असा नव्हता. तिनं खाली अंगठा टेकवला आणि पान गेलं.

“राग आला?” हिंदुरावांनी विचारलं.

“आला,” वैजयंता म्हणाली. “अण्णा, खरं सांगा. माझ्या बाजूनं कुणीच बोललं नाही का?”

हिंदुरावांनी हेल्मेट काढून काखेत धरलं.

“चाळीस मिंटं तिगं बी तुज्याच बाजूनं बोलत व्हतो,” ते म्हणाले. “मग तुजं नाव लिवलं.”